अक्षर कोण काढतं?

२५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा त्याआधीच झाला होता. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली होती. मराठी अक्षरं इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असंही त्या दुरुस्तीत म्हटलं होतं. मुदत संपत आली तशी फ्लेक्स छापणाऱ्यांकडे कामाची रीघ लागली आणि दिवाळीच्या पुढेमागे बाजारपेठांचे चेहरे बदलले.

ते बदललेले चेहरे पाहत मी बरंच हिंडलो. मराठी दिसायला लागली याचा आनंद होताच. पण जवळ जाऊन पाहिलं की मन खट्टू व्हायचं. इंग्रजी नाव कुणीतरी विचार करून, दुकानाच्या स्वभावाला शोभेल अशा वळणात काढलेलं. त्याच्या शेजारी तेच नाव मराठीत, संगणकात जो फाँट हाताला लागला त्यात. उंची कायद्यात बसवायची आणि रुंदी पाटीत, म्हणून अक्षरं आडवी ताणलेली. असं ताणलं की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते. अनुस्वार लंबगोल होतो, वेलांटी पसरट होते. रफार आडवा पसरतो. सराफाचं दुकान, औषधांचं दुकान, लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, सगळ्यांची मराठी एकाच अंगाची.

कायद्याने अक्षराची उंची मोजली. वळणाबद्दल कायदा काही बोलू शकत नाही, ते काम समाजाचं आहे. आणि याचं वाईट अधिक वाटतं ते एका कारणाने. देवनागरी अक्षरांचं इतकं उत्तम, इतकं विविध आणि चक्क फुकट मिळणारं भांडार आजच्याएवढं कधीच आपल्या हाताशी नव्हतं. ते गेल्या दहाएक वर्षांत तयार झालं, त्यातला मोठा वाटा मुंबईत तयार झाला, आणि ते करणाऱ्यांची नावं मराठी वाचकाला ठाऊक नाहीत.

मांडणी-संकल्पन शिकणारी मुलं प्रेरणा शोधायला फोनमध्ये डोकावतात. स्वित्झर्लंडची पोस्टरं, जपानी वेष्टनं, नेदरलँड्सची पुस्तकं पाहतात. जरूर पाहावीत, नजर तयार होते. पण मराठी पुस्तक, मराठी लग्नपत्रिका, मराठी पाटी करायला बसलं की तिथली उत्तरं अर्ध्या वाटेवर सोडून जातात. त्या पानांवर शिरोरेषा नसते. दोन ओळींच्या मधल्या जागेत वरून मात्रा आणि खालून उकार एकमेकांकडे झेपावत नसतात. हा गुंता सोडवायचा तर ज्यांनी तो आधी सोडवला त्यांच्याकडे जावं लागतं.

*

मराठी मुद्रणाची सुरुवात महाराष्ट्राबाहेर झाली. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. त्याचाच मराठी शब्दकोश १८१० मध्ये आला, तोही तिथेच आणि मोडी खिळ्यांत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. छपाईच्या शाईत चरबी असेल म्हणून लोक शिवायचे नाहीत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं, अशी हकिगत मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते. शिळाछापाची मौज अशी, की त्यात अक्षर हातानेच लिहिलेलं असतं. बोरूचं तिरकं कापलेलं टोक कागदावर जसं जाड-बारीक होत फिरतं, तसंच्या तसं दगडावरून उतरतं. जुन्या शिळाछाप पोथ्या ग्रंथालयात मिळतात. त्यांतला एखादा ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ भिंग घेऊन पाहावा. असं अक्षर काढायला किती वर्षांचा सराव लागत असेल, ते लक्षात येतं.

खिळ्यांचं काम निराळं. अक्षर पोलादाच्या दांडीच्या टोकावर उलटं कोरायचं. ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. मराठी खिळ्यांना खरं रूप दिलं ते जावजी दादाजींनी. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हलकीसलकी कामं करणाऱ्या या माणसाने १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. काळबादेवीतल्या कोलभाट गल्लीतून निघालेली संस्कृत-मराठी पुस्तकं देशभर गेली. आजही संस्कृतचे अभ्यासक निर्णयसागरची प्रत म्हटली की जपून ठेवतात. ती संपादनासाठी जपतात तेवढीच अक्षरांसाठीही जपतात.

पण त्या अक्षरांचे ठसे कोरणारे हात राणोजी रावजी आरूंचे. जावजींचं नाव घेताना किती जण राणोजींचं घेतात? आपल्या समाजाची ही सवय दीडशे वर्षांची आहे. छापखान्याचं नाव राहतं, पुस्तकाचं राहतं, अक्षर काढणाऱ्याचं पुसलं जातं.

पुढची शंभर वर्षं यंत्र आणि लिपी यांच्या ओढाताणीची. रोमन लिपीची जुळणी एका आवाक्यातल्या केशीत, म्हणजे खिळ्यांच्या कप्पेदार पेटीत, मावते. मराठीच्या जुळाऱ्याला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, कानेमात्रे लावलेली अक्षरं असे शेकडो खिळे हाताळावे लागत. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती दीर्घकाळ छापली. मग टंकलेखन यंत्रं आली, लायनोटाइप-मोनोटाइप ही जुळणीची यंत्रं आली, आणि एकाखाली एक रचलेली सुरेख जोडाक्षरं मोडून शेजारी-शेजारी उभी राहिली. प्रत्येक वेळी माघार लिपीने घेतली. लिपीत काही खोट होती असं मुळीच नाही. यंत्रं दुसऱ्या लिपीसाठी घडली होती, एवढंच.

हा सगळा तपशील बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात मांडला आहे. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये तो तीन खंडांत काढला. आपल्या राज्याच्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या उत्तमोत्तम पुस्तकांत मी त्याची गणना करतो. प्रत्येक कलाशाळेच्या ग्रंथालयात तो सहज हाती येईल असा असायला हवा.

*

ही माघार थांबवण्याचं श्रेय ज्यांना द्यायचं त्यांत र. कृ. जोशी अग्रभागी. उल्का जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, पुढे पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत प्राध्यापक, कवी, सुलेखनकार. शिलालेखांपासून ताडपत्रांपर्यंत अक्षर जिथे दिसेल तिथे त्यांनी ते अभ्यासलं. विद्यार्थ्यांना हाताने लिहायला लावलं आणि स्वतः संगणकाशी भिडले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. कितीतरी वर्षं सरकारी पत्रांपासून शाळेच्या सूचनांपर्यंत मराठी संगणकावर उमटली ती मंगलमध्ये. लाखो लोकांनी रोज ते अक्षर वाचलं आणि ते कुणाचं, हे विचारलं नाही. जोशी फेब्रुवारी २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी आयडीसीत ‘टायपोग्राफी डे’ हा वार्षिक मेळावा सुरू झाला. त्यांच्या तालमीत तयार झालेल्यांनी ‘अक्षराय’ या गटातून हे काम पुढे चालवलं.

मंगलच्या आधीचा काळ प्रकाशनव्यवसायातल्या माणसांना आठवत असेल. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मराठी फाँटची आतली मांडणी वेगळी होती. एका यंत्रावर जुळवलेला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. लेखक एका फाँटचा आणि छापखाना दुसऱ्या फाँटचा असेल तर सगळं पुन्हा टंकावं लागे. युनिकोडने ही भिंत पाडली. मग अक्षर साठवण्याची पद्धत एक आणि त्याचं रूप मात्र प्रत्येक फाँटचं स्वतःचं, अशी सोय झाली. रूप म्हणजेच वळण, आणि वळण काढायला पुन्हा माणूस लागला.

ही नवी माणसं म्हणजे मुंबईतला ‘एक टाइप’ हा गट. गिरीश दळवी, यशोदीप घोलप, सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये, मैथिली शिंगरे, संतोष क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी. ही नावं मी मुद्दाम सलग लिहिली. त्यांची अक्षरं तुम्ही वाचली आहेत, नावं कदाचित पहिल्यांदाच वाचत असाल.

त्यांचा ‘मुक्त’ घ्या. दळवी आणि घोलप यांनी केलेला हा वाचनाचा फाँट. अगदी सडपातळ ते ठसठशीत अशी त्याची सात वजनं आहेत आणि कुणीही तो विनामूल्य वापरावा असा त्याचा परवाना आहे. सात वजनं ही मराठीसाठी किती मोठी गोष्ट आहे ते जुन्या मांडणीकारांना विचारा. ठळक अक्षर हवं तर संगणकाला सांगायचं आणि त्याने अक्षराला चारही बाजूंनी काळं फासायचं, असं चालत असे. ‘ध’ आणि ‘घ’ची पोटं त्यात बुजायची. खरं ठळक वजन काढणारा ती पोटं मोकळी राखतो, दंड जाड करताना गाठी किंचित बारीक करतो. ‘ष्ट्र’, ‘द्ध्य’ असल्या गर्दीच्या जोडाक्षरांत कुठली रेघ मागे घ्यायची, हे एकेका अक्षरापाशी बसून ठरवतो. देवनागरी फाँटात अशी शेकडो रूपं काढावी लागतात. सात वजनं म्हणजे त्या सगळ्यांचा सातदा विचार.

‘मोदक’ हा त्यांचाच दुसऱ्या टोकाचा फाँट. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. अक्षर फुगत फुगत इतकं गुबगुबीत झालं आहे की आतल्या पोकळीची नुसती रेघ उरली आहे, आणि तरीही शब्द झटकन वाचता येतो. हे मला विलक्षण वाटतं. देवनागरी अक्षराची ओळख कशात असते, हा प्रश्न त्यांनी शेवटच्या रेघेपर्यंत ताणून पाहिला आहे. ‘बलू’ हा फाँट अनेक भारतीय लिप्यांत केला आणि त्याच्या प्रत्येक भावंडाला त्या भाषेतली हाक दिली. बंगालीत दा, गुजरातीत भाई, गुरुमुखीत पाजी, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन. ‘जैनी’ची प्रेरणा जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या लेखनशैलीची आहे. २०२२ मध्ये आलेला ‘अनेक’ नऊ भारतीय लिप्या आणि रोमन अशा दहा लिप्यांत एकाच वेळी घडवला आहे, आणि त्यात अक्षराची रुंदी व जाडी हवी तशी कमी-अधिक करता येते.

इथे त्या दुकानाच्या पाटीकडे परत जाऊ. अक्षर ताणावं लागतं, कारण जागा लांब असते आणि नाव लहान. ‘अनेक’मध्ये रुंद रूप ताणून केलेलं नाही, रुंद म्हणूनच काढलेलं आहे. दंडाची आणि शिरोरेषेची जाडी एकमेकांना धरून राहते. पाटी करणाऱ्याला लागतं ते नेमकं हेच, तेही एका पैशाच्या खर्चाशिवाय. ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही, हे माझं दुःख आहे.

मराठीपणाचा एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा इथेच सांगायला हवा. देवनागरी आपली, हिंदीची, नेपाळीची, संस्कृतची. पण मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वेगळा. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला आणि लिपी प्रमाणित करणारा निर्णय काढला, २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली आणि मराठीसाठी याच रूपांचा आग्रह धरला. तरीही पाठ्यपुस्तकाबाहेर पाऊल टाकलं की हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सर्वत्र भेटतात, कारण बहुतेक फाँट उघडल्यावर तेच आधी पुढे येतात. चांगल्या फाँटांत मराठी रूपं आत ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे, एवढं संगणकाला सांगितलं की ती पुढे येतात. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा ‘र’ही असाच आपल्या जिव्हाळ्याचा. जुन्या फाँटांत त्याची दैना व्हायची. तो आता नीट उमटतो, कारण कुणीतरी तो काढण्याची तसदी घेतली.

*

फाँट म्हणजे सगळं अक्षरकाम नव्हे. एकेका शब्दासाठी एकेक अक्षर जन्माला घालणारी मराठीची परंपरा भक्कम आहे, आणि तिचं सर्वांत मोठं नाव कमल शेडगे. १९६२ च्या ‘मला काही सांगायचंय’पासून त्यांनी किती नाटकांची शीर्षकं काढली! वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर इंच-दोन इंचांच्या जाहिरातींची दाटी असायची. त्या दाटीत नाटकाचा स्वभाव अक्षरातून कळावा लागे. विनोदी नाटकाची अक्षरं तिरपागडी उभी राहत, ऐतिहासिकाची गडाच्या तटासारखी. मराठी रंगभूमीची कितीतरी वर्षं त्या शीर्षकांतून डोळ्यांपुढे उभी राहतात. ‘माझी अक्षरगाथा’, ‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’ ही त्यांची पुस्तकं आहेत. जुलै २०२० मध्ये ते गेले. शब्दाचं नाटक कसं करावं हे ज्याला शिकायचं आहे त्याने परदेशी संग्रहांच्या आधी ही तीन पुस्तकं मिळवावीत.

अच्युत पालव दुसऱ्या बाजूने आले. उल्काच्याच शिष्यवृत्तीवर त्यांनी मोडी हस्तलिखितांचा अभ्यास केला, आणि मोडीची धाव व देवनागरीचा ठामपणा एकत्र आणून मुक्तलिपी घडवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अक्षरासाठी पद्म पुरस्कार मिळतो ही बातमी मराठी घरात मोठ्या अभिमानाने सांगावी अशी आहे.

आणि तिसरे, पाट्या रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. ट्रकच्या मागची अक्षरं, रसवंतीगृहाची पाटी, गणेशोत्सव मंडळाचा फलक यांत छाया टाकणं, अक्षराला जाडी देणं, दोन रंगांची कड काढणं, अशी त्यांची अस्सल कारागिरी होती. हनिफ कुरेशी या चित्रकाराने देशभरच्या अशा पेंटरांकडून अक्षरं काढून घेतली आणि ती ‘हँडपेंटेड टाइप’ या नावाने संगणकावर आणली. फाँटाला पेंटरचं नाव दिलं. कुरेशी २०२४ मध्ये अकाली गेले, पण नाव देण्याची त्यांची ही रीत मला सगळ्यांत मोलाची वाटते. महाराष्ट्रातल्या पेंटरांचं असं संकलन पद्धतशीरपणे व्हायला हवं आणि ते लवकर व्हायला हवं, कारण कुंचला धरणारे हात थकत चालले आहेत.

त्यासाठी छायाचित्रकारांची गरज लागेल. संदेश भंडारे यांनी ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात तमाशाच्या फडांचं जग टिपून ठेवलं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं त्यांच्यात वावरून टिपलं. त्याच चिकाटीने कुणी कोल्हापूर, सोलापूर, नागपूरच्या पाट्या टिपल्या तर उद्याच्या मांडणीकाराला अख्खी शाळा मिळेल. हातातल्या फोनवरही हे काम सुरू करता येतं. पाटी समोरून टिपावी, गाव आणि तारीख लिहावी, पेंटरची सही असेल तर ती नीट दिसेल असं पाहावं. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ती बऱ्याचदा असते.

छायाचित्रकारांनाही नावासाठी पुष्कळ थांबावं लागलं. जालियनवाला बागेतल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा दाखवणारी १९१९ ची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती मुंबईच्या नारायण विनायक विरकरांनी टिपली, हे सांगणारी ओळ मात्र क्वचितच सोबत असते. आता बऱ्याच वर्तमानपत्रांत चित्राखाली टिपणाऱ्याचं नाव येतं. वाचकालाही त्याची सवय झाली आहे.

अक्षर काढणाऱ्यांच्या नावाची अशीच सवय लावायला दिवाळी अंक ही चांगली जागा आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ही प्रथा घातली आणि चित्रकारांना या अंकांनी घरोघर पोचवलं. दीनानाथ दलालांनी तर १९४५ पासून स्वतःचा ‘दीपावली’ काढला. आजही अंकाच्या पहिल्या पानांत मुखपृष्ठ, सजावट, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुद्रणस्थळ असा सगळ्यांचा उल्लेख असतो. शीर्षकाक्षरं कुणी काढली तेही काही अंक छापतात. आतला दोन-अडीचशे पानांचा मजकूर ज्या अक्षरांत वाचायचा, त्या फाँटचं आणि तो काढणाऱ्याचं नाव मात्र मला फार थोड्या ठिकाणी दिसलं.

ते छापायला एक ओळ लागते. मराठीतल्या सर्व संपादक-प्रकाशकांना माझी विनंती आहे की पुढच्या अंकापासून, पुढच्या पुस्तकापासून ही ओळ द्यावी : मजकुराचा फाँट अमुक, अक्षररचना अमुक यांची. दुकानदारांना विनंती, पाटी करायला टाकताना ‘अक्षरं ताणू नका, रुंद वळण वापरा’ एवढं सांगावं आणि ‘ल’ व ‘श’ मराठी आहेत ना ते पाहून मगच पैसे द्यावेत. आणि वाचकहो, यंदा घरात जेवढे अंक येतील त्यांच्या श्रेयनामावल्या वाचा. अक्षर काढणाऱ्याचं नाव दिसलं तर संपादकांना दोन ओळी कौतुकाच्या लिहा, आणि नसेल तर ते कुणाचं आहे, हे विचारणारं पत्र पाठवा.